चर्चच्या मंडळीकडे मदत मागितली, माझा अनुभव

आम्ही सलग चार रविवार चर्चला गेलो नव्हतो. कारण सांगायला जड जातं पण खरं ते लिहिते, दानार्पणाची थैली बाकावरून फिरत आपल्यापर्यंत येणार, आपल्या हातात काही नाही, मुलांच्या हातातही नाही, आणि शेजारच्यांना ते दिसणार, एवढ्यासाठी आम्ही घरी बसलो. मिस्टरांच्या पाठीला कामावर मार लागला होता, डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून बजावलं आणि यांचं कामच वजन उचलायचं. माझं अर्ध्या दिवसाचं काम चालू होतं पण त्यात भाडं आणि औषधं गेली की खाण्यापुरतं काही उरत नव्हतं.

मग महिला मंडळातल्या एका काकूंचा फोन आला, "तुमचा बाक रिकामा दिसतोय गं, सगळं बरं आहे ना?" मी हो हो बरंय म्हणून फोन ठेवला. मग उठून धान्याचा डबा उघडला, कपाचा तळाला घासल्याचा आवाज आला, धाकटा दारात उभा राहून बघत होता, आणि तो आवाज ऐकून त्यानं वर माझ्या तोंडाकडे बघितलं. दहा मिनिटांनी मीच काकूंना परत फोन लावला. या सगळ्यात सगळ्यात अवघड काय होतं विचाराल तर तो फोन, बाकीचं सगळं त्यामानानं सोपं गेलं.

त्याच संध्याकाळी काकू आणि एक डीकन काका, म्हणजे चर्चमध्ये गरजूंच्या मदतीचं काम बघणारे, घरी आले, दोघांच्या हातात साध्या पिशव्या, बाहेरून बघणाऱ्याला पाहुणे बाजार करून आलेत असंच वाटावं. धान्य, डाळ, तेल, मीठ, साबण, दूध पावडर, आठ दिवस निघतील एवढं. मी विचारलं फॉर्म वगैरे भरायचा असेल ना, तर काका म्हणाले, "ताई, आधी स्वयंपाक करा, फॉर्म कुठे पळून जात नाही." फॉर्म नंतर आला, एकच पान, घरात किती माणसं, लहान मूल किती वर्षांचं, कोणाला कुठलं पथ्य, भाडं थकलंय का, कर्ज आहे का, शाळेची फी राहिलीय का. दोघांनी मिळून घरी जायचं ही पद्धत काही फक्त आमच्या मंडळीची नाही. कॅथलिकांमधली संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं मित्रांना घेऊन सुरू केली, तेव्हापासून त्यांचं मुख्य काम गरजूंच्या घरी जाऊन भेटणं हेच आहे. घरी आल्याशिवाय काकूंना कळलं नसतं की आमच्याकडे धान्य संपलंय तसा गॅसही संपत आलाय, आणि मी स्वतःहून ते सांगितलं नसतं.

पुढे कमिटीसमोर कागद गेला तो नावाशिवाय, फक्त नंबर. नावं पाळकसाहेब (आमचे धर्मगुरू), काका आणि काकू या तिघांनाच माहीत. दर पंधरा दिवसांनी शनिवारी शिधा, तीन महिन्यांनी परत बघायचं. फी थेट शाळेत भरली, थकलेलं भाडं थेट मालकाला, रोख हातात काही नाही. याचा मला तेव्हा राग आला होता आणि आजही मला ते पूर्ण पटलेलं नाही, कारण हॉस्पिटलला जायचं भाडं किंवा बाईला महिन्याला लागणाऱ्या वस्तू हे पिशवीत बसत नाही आणि प्रत्येक वेळी मागायला जीभ रेटत नाही. हे मी काकूंना बोलून दाखवल्यावर त्यांनी निदान पॅड सगळ्या बायकांच्या पिशवीत न मागता घालायला सुरुवात केली.

हे पैसे कुठून येतात ते मी पाळकसाहेबांना विचारलंच, कारण कोणाच्या उपकारात आहोत ते मला कळायला हवं होतं. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या रविवारी गरजूंसाठी वेगळं अर्पण घेतात ते, शिवाय दाराजवळच्या पेटीत लोक टाकतात ते. त्यांनीच सांगितलं की सुमारे १५५ साली रोममधल्या जस्टिन या ख्रिस्ती शिक्षकानं लिहून ठेवलंय, रविवारी ज्याला जमेल आणि वाटेल तेवढं तो देतो, ते पुढाऱ्याकडे जमा होतं आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले, परगावाहून आलेले यांना दिलं जातं. ज्याला जमेल तो देतो, हे ऐकून मी तिथेच रडले, चार रविवार आम्ही कशासाठी घरी बसलो होतो असं झालं. पुढच्या रविवारी आम्ही सगळे गेलो, थैली आली, मी ती तशीच पुढे दिली, शेजारच्या बाईनं नेहमीसारखी घेतली आणि पुढे दिली.

आता जे नीट झालं नाही ते पण लिहिते. शनिवारी मिळायचं ते रांगेच्या क्रमानं, त्यामुळे माझ्यासारख्या कामावरून उशिरा पोचणाऱ्यांना दूध पावडर संपलेली असायची. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा माझ्या मागे एक बाई कडेवर तान्हं घेऊन उभी होती, ती आमच्या मंडळीची नव्हती, ख्रिस्तीसुद्धा नव्हती, तिला काही बोलता येईना आणि मला राहवेना. मी पाळकसाहेबांकडे गेले आणि म्हटलं, मी घेणारी आहे, मला बोलायचा हक्क आहे की नाही माहीत नाही, पण हे बरोबर नाही. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी बायबल काढलं, प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीतही रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना वगळलं जायचं, त्यांच्या लोकांनी कुरकुर केली, आणि प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांनी, त्यांना गप्प बसवलं नाही, सात माणसं निवडून त्यांच्याकडे वाटप सोपवलं, आणि स्तेफन, फिलिप्पापासून निकलावापर्यंत सातही नावं ग्रीक आहेत, म्हणजे बहुधा तक्रार करणाऱ्यांपैकीच. पाळकसाहेब म्हणाले, "ताई, डीकनचं काम तक्रारीतूनच सुरू झालंय असं आम्ही शिकवतो, तुम्ही आलात ते बरंच झालं."

पुढच्याच शनिवारपासून शुक्रवारी रात्रीच पिशव्या नंबरप्रमाणे भरायला लागले. दोन वर्षांखालचं मूल असलेल्या नंबरापुढे लाल खूण, दूध पावडर आधी त्या पिशव्यांत, मग बाकी. पाकिटावरची तारीख मार्करनं मोठी करून लिहायची, जवळची तारीख पुढच्या फळीवर. त्या बाईला तिची पिशवी मिळाली. देताना काकू प्रत्येकाला विचारतात, तुमच्यासाठी प्रार्थना करू का, ती नको म्हणाली, काकू बरं म्हणाल्या आणि बाळाच्या डोक्यावरून हात फिरवून पिशवी दिली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. प्रभूनं पाच भाकरी आणि दोन मासे वाटले तेव्हा गवतावर बसलेल्या हजारोंपैकी कोणाचा विश्वास तपासला नव्हता, आणि भुकेल्या माणसाला जेवणाच्या बदल्यात काही कबूल करायला लावलं तर मग ते दान राहत नाही.

तीन महिन्यांनी काका परत आले तेव्हा मिस्टर थोडं चालायला लागले होते पण काम नव्हतं. मदत बंद होणार म्हणून मी धास्तावले होते, तसं झालं नाही, आणखी तीन महिने वाढवली, मग त्यांना बसून करायचं काम लागल्यावर दोन महिने अर्धा शिधा दिला आणि मग थांबवला. ही अर्धी पायरी फार उपयोगाची पडली कारण पहिला पगार सगळा उधारीतच गेला होता.

मिस्टरांना अजून वजन उचलता येत नाही, पण शुक्रवारी ते वही घेऊन खुर्चीवर बसतात आणि नंबर वाचतात, बाकीचे पिशव्या भरतात. या आठवड्यात दोन नंबर नवीन आलेत, त्यातल्या एकापुढे लाल खूण आहे, सहा महिन्यांचं बाळ, आणि फळीवर पावडरची चारच पाकिटं उरलीत, म्हणून मी आत्ता काकूंना फोन लावतेय.