इथं तर ऊर्जा लिहिलंय की

मी उद्योग खात्यात निरीक्षक आहे, मराठवाड्यात, जिल्हा कोणता ते राहू द्या. उद्योग निरीक्षक म्हणलं की पाहुण्यारावळ्यांना वाटतं हा बाबा कारखान्यामागून कारखाने तपासत फिरत असेल. खरं म्हणजे माझी अर्धी नोकरी फायलीला दोरी बांधण्यात गेली आणि उरलेली सर्व्हर कधी चालू होतोय ते बघण्यात चाललीय.

ही गोष्ट सप्टेंबर २०२२ ची. १७ तारखेला शनिवारी मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं, त्यात अमृतमहोत्सवी वर्ष सुरू झालेलं म्हणून पळापळ जरा जास्तच, आणि सोमवारी टेबलावर येऊन बसतो तर साहेबांनी एक प्रिंट ठेवलेली, वर लाल पेनानं 'तात्काळ'. 'आपले सरकार' पोर्टलवरची तक्रार. अमुक गावात एका बाईच्या नावावर मुख्यमंत्री रोजगार निर्मितीतून डाळ मिलचं कर्ज काढलंय, मशीन जाग्यावर नाही, शेडला कुलूप, सबसिडी लाटायला सगळा बनाव केलाय, चौकशी व्हावी.

खोटं कशाला बोलू, वाचल्यावर मला ते खरंच वाटलं. या योजनेत (२०१९ ला सुरू झाली) ग्रामीण भागातल्या महिलेला ३५ टक्के सबसिडी आणि स्वतःचे फक्त ५ टक्के घालायचे, म्हणून निम्म्या फायली बायकोच्या नावानं येतात, मुलाखतीला बाई बसते आणि उत्तरं दाराच्या फटीतून नवरा देतो. लोकांना वाटतं सबसिडी म्हणजे हातात नोटा, पण तसं नसतं, ती रक्कम बँकेत तीन वर्षं टीडीआर, म्हणजे मुदत ठेव, म्हणून पडून राहते, युनिट चालू दिसलं तर कर्जात वळती होते आणि नाही दिसलं तर परत जाते. या बाईची तीन वर्षं पुढच्याच वर्षी भरत होती. म्हणजे तक्रार करणाऱ्याला टायमिंग बरोबर माहीत होतं. भावकीतला असणार, किंवा शेजारचा गिरणीवाला.

सरकारी जीप नेहमीप्रमाणे गॅरेजला, मग मी आणि आमचा नवीन क्लार्क माझ्याच मोटरसायकलवर निघालो. हे पोरगं नुकतंच लागलेलं, प्रश्नावर प्रश्न. सर, तुमच्या टायमाला पण अशाच व्हिजिटा असायच्या का? आता पन्नास किलोमीटर जायचं, रस्ता उकरून ठेवलेला, मग बोलत गेलो.

मी १९९८ ला लागलो. तेव्हा लघुउद्योगाची नोंदणी आमच्या सहीनं व्हायची, आधी तात्पुरती, मग मशीन बसलं, उत्पादन निघालं की आम्ही जाऊन बघायचो आणि मग कायमची. कायमच्या नोंदणीचा तो कागद लोक फ्रेम करून देवाच्या फोटोशेजारी लावायचे. त्याच्याही आधीचं आमच्या ऑफिसातले जुने शिपाई मामा सांगायचे. जिल्हा उद्योग केंद्रं, म्हणजे आमची ऑफिसं, निघाली १९७८ ला, सगळं एका छताखाली मिळेल म्हणून, आणि त्या काळात लोखंडी पत्रा, कोळसा, मेणबत्तीचं मेण असला माल कोट्यानं मिळायचा, त्याला आमच्या खात्याची शिफारस लागायची. मामा म्हणायचे, सकाळी झाडून काढायच्या आधी मेणवाले दारात, आणि जिल्ह्यात तेवढ्या मेणबत्त्या पेटलेल्या काही मी पाहिल्या नाहीत! १९९१ नंतर एकेक कोटा गेला आणि दारातली गर्दी पण गेली. मग २००६ च्या कायद्यानं नोंदणीचं नुसतं ज्ञापन झालं, म्हणजे फक्त लेखी कळवायचं, २०१५ ला उद्योग आधार आला, १ जुलै २०२० पासून उद्यम. आता माणूस मोबाईलवर स्वतःच लिहितो की माझा उद्योग आहे, आणि आहे.

वाईट झालं असं म्हणणार नाही मी, जुन्या पद्धतीत काय काय चालायचं ते मला माहिताय. पण एक झालं, आधी आमचा माणूस गावात गेला की लोक चहा ठेवायचे, कारण हा नोंदणी करायला आलाय. आता आम्ही दिसलो की लोक गप होतात, कारण आम्ही गावात जातो ते एकतर तक्रारीवर नाहीतर सबसिडीच्या पडताळणीला.

गावात पोचलो तर तक्रारीतलं अक्षर न अक्षर खरं. गावठाणात पत्र्याचं शेड, बाहेर योजनेच्या नावाचा बोर्ड, दाराला कुलूप, फटीतून बघितलं तर आत चार रिकामी पोती आणि फरशीवर मशीनचे नटबोल्ट काढल्याच्या खुणा. क्लार्कनं लगेच लोकेशनसकट फोटो काढले. पोरगं खूश, पहिल्याच व्हिजिटला बोगस केस. मी पंचनाम्याचा कागद काढला तेवढ्यात समोरच्या ओट्यावरची म्हातारी म्हणाली, "सुनेला हुडकायलाव का? ती मळ्यात हाय. मशीन बी तिथंच नेली की."

मळा दीड किलोमीटर, गाडी चिखलात जाईना, चालत गेलो. लांबूनच आवाज आला. विहिरीच्या बाजूला पत्र्याचं छप्पर, त्यात पीकेव्ही मिनी डाळ मिल, अकोल्याच्या विद्यापीठाचं डिझाईन असलेली, चालू. एका बाजूला नव्या मुगाची पोती, ताडपत्री अंथरून वाळवण घातलेलं, आभाळ आलं की ओढून घ्यायचं, ऊन पडलं की परत पसरायचं. चुनी-टरफल वेगळं भरून ठेवलेलं, ते म्हशीवाले नेतात. आणि बाई एकटी. अंगावर भुश्शाचा थर. नवरा पुण्याला कंपनीत कंत्राटी कामाला, महिन्यातून एकदा येतो, म्हणजे दाराच्या फटीतून उत्तरं देणारं इथं कुणी नव्हतंच.

"ताई, मशीन इथं कशी काय? मंजुरी तर गावातल्या जागेची आहे."

"साहेब, तिथं लाईट कुठं टिकते? डीपीवर लोड झालाय, व्होल्टेज येत नाही, दोनदा मोटार जळाली, एका वेळेला साडेचार हजार गेले. बँकेचा हप्ता थांबतो का? म्हणून इकडं आणली. हितं आठ घंटे तरी धड मिळते, एक आठवडा दिवसा नाहीतर रात्री. रात्रीची असली की रात्री भरडते."

मग माझी नजर तारेकडं गेली. शेतीपंपाचं कनेक्शन. त्यावर डाळ मिल चालवणं म्हणजे विजेचा अनधिकृत वापर, वीज कायद्याचं कलम १२६, दंड लागतो. तिला पण ते कळलं असावं, कारण ती एकदम बोलायची थांबली.

मी तिला समजावून सांगितलं की जागा बदलायची तर बँकेमार्फत आमच्याकडे अर्ज द्यायचा असतो, आणि गावातल्या डीपीचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं, महावितरणकडं, ते आमच्या खात्याचं नाही. हे वाक्य मी चोवीस वर्षांत किती वेळा बोललो असेन त्याचा हिशेब नाही. पाणी म्हणलं की आमच्या खात्याचं नाही, रस्ता नाही, बँक मॅनेजर उभा करत नाही तर ते पण नाही.

ती छपरात गेली आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. मंजुरीपत्र, बँकेची कागदं, आणि सीएससी सेंटरवरून काढलेला योजनेचा शासन निर्णय. बाई बारावी झालेली. पहिल्या पानावर बोट ठेवून म्हणाली, "साहेब, ही योजना तुमच्याच खात्याची ना? मग इथं तर ऊर्जा लिहिलंय की."

बघितलं. महाराष्ट्र शासन, उद्योग, ऊर्जा व कामगार विभाग.

हजार वेळा टाईप केलेली ओळ. क्लार्क माझ्याकडं बघायला लागला. आता तिला काय सांगणार, की मंत्रालयात दोन्हीची पाटी एक पण कारभार वेगळा, उद्योगाचे मंत्री वेगळे, ऊर्जेचे वेगळे, आमच्यावर विकास आयुक्त उद्योग, वीज देणारी कंपनी वेगळी, आणि तालुक्याला आल्यावर तर मी आणि महावितरणचा इंजिनिअर एकमेकाला तोंडानं ओळखत पण नाही. मी आपलं म्हणलं, "ताई, ते वरच्या पातळीवर असतंय." ती म्हणाली, "मग खालच्या पातळीवर कोण हाय?"

परतताना मी काही बोललो नाही, पोरगं पण गप. डोक्यात मात्र चालू होतं. मी लागलो तेव्हा ऑफिसच्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता, तालुके प्रोत्साहन योजनेच्या गटानुसार रंगवलेले. १९६४ पासून ही योजना चालू आहे, उद्योग मुंबई-पुण्याबाहेर जावेत म्हणून, पुढं अ, ब, क, ड आणि ड प्लस असे गट झाले, आणि हिंगोलीसारखा जिल्हा तर 'विनाउद्योग' म्हणूनच वेगळा. जितके मागास तितकी सवलत जास्त. आमचे साहेब लोक 'आम्ही ड प्लसमध्ये' असं एखादं बक्षीस मिळाल्यासारखं सांगायचे. पण आधी विक्रीकराची सवलत आणि आता जीएसटीचा परतावा, तो मिळायला आधी कर भरणारा धंदा पाहिजे. वाळूज, शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या मोठ्या कंपन्यांना ते शोभतं. ह्या बाईनं कसला परतावा घ्यायचा? दांडेकर समितीनं १९८४ ला अनुशेष, म्हणजे कुठला भाग विकासात किती मागं राहिला ते, मोजला, मराठवाड्याचा साडेसातशे कोटींच्या वर निघाला, पुढं १९९४ ला वैधानिक विकास मंडळ आलं, एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली ती संपलीच. या सगळ्या मोजमापात त्या गावठाणातली डीपी कुठं बसते तेच मला कळेना.

रात्री घरी बसून अहवाल लिहिला. युनिट चालू, यंत्र मंजूर यंत्रच, जागेत बदल झालेला, लाभार्थ्याकडून जागाबदलाचा अर्ज घेण्यात येत आहे, तक्रारीत तथ्य नाही. मशीन कुठल्या मीटरवर चालते ते लिहिलं नाही. क्लार्कनं दुसऱ्या दिवशी विचारलं, सर ते लाईटचं? मी म्हणलं, ते आपल्या खात्याचं नाही. पहिल्यांदा ते वाक्य कुणाच्या तरी उपयोगी पडलं. नियमानं चूक की बरोबर ते ज्याचं त्यानं ठरवावं, मला त्या रात्री झोप मात्र नीट लागली.

दुसरं एक केलं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समितीची बैठक असते, विषयपत्रिका आमच्याच ऑफिसात बनते. त्यात एमआयडीसीतले रस्ते, स्ट्रीट लाईट, सांडपाणी हेच विषय, आणि येणारे पण तेच चारपाच मोठे उद्योजक. त्या यादीत शेवटी मी एक ओळ घातली, अमुक गावठाण, रोहित्राची क्षमता, सूक्ष्म उद्योग बंद. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं, "डाळ मिलसाठी उद्योग मित्र?" मी शासन निर्णयाचं पहिलं पान पुढं सरकवलं, ओळीवर बोट ठेवून, बाईनं ठेवलं तसंच. साहेब हसले आणि सही केली.

बैठकीत तो विषय जेमतेम दोन मिनिटं चालला असेल. महावितरणचे इंजिनिअर म्हणाले तारेवर आकडे टाकून चोरून लाईट घेणारे फार आहेत गावात, म्हणून लोड. जिल्हाधिकारी म्हणाले आकडे काढा आणि डीपी पण बदला, पुढच्या बैठकीत सांगा. पुढच्या बैठकीत 'प्रस्तावित', त्याच्या पुढच्या बैठकीत पण 'प्रस्तावित', आणि तुरीचा हंगाम पार संपत आला तेव्हा एकदाची बसली. आकडे परत पडलेत म्हणे, पण मोटार चालते. मशीन परत गावात आली, रीतसर औद्योगिक मीटर घेतलं, आणि गंमत म्हणजे जागाबदलाचा अर्ज तोपर्यंत बँकेतच पडून होता, त्यामुळं कागदावर मशीन कधी हललीच नाही.

टीडीआर वळती झाली त्या दिवशी तिचा फोन आला. तुरीच्या डाळीचं पाकीट ठेवलंय म्हणाली, मी म्हणलं पैसे घेणार असाल तर येतो. मग म्हणाली, "साहेब, आमच्या बहिणीसाठी नवीन कागद काढलाय योजनेचा. त्यात तुमच्या खात्याचं नाव वाढलंय बगा."

खरंच वाढलंय, आता 'उद्योग, ऊर्जा, कामगार व खनिकर्म विभाग' असं लिहितात.

"खाणी बी तुमच्याकडंच आल्या का मग?"