ठरावात अडकलेलं शिबिर

दिवाळीनंतर ओढ्याचं पाणी किती झपाट्याने उतरतं, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कॉलेजच्या ऑफिसात मात्र ते कुणाला पटवून देता येईना.

गावात वनराई बंधारा घालायचा होता. रिकाम्या गोण्या, वाळू-माती आणि माणसं, एवढ्यावर तो उभा राहतो. पण माणसंच नव्हती, तरणी पोरं सगळी कामाला बाहेर. मग आठवली राष्ट्रीय सेवा योजना. कॉलेजात असताना मीही रासेयोत होते. छातीवर कोणार्कच्या चाकाचा बिल्ला लावून दोन वर्षांत २४० तास भरले होते, दुसऱ्यांच्या गावची गटारं उपसली होती. आता ग्रामपंचायत सदस्य झालेय, तर यंदा शिबिर आपल्याकडे आणू म्हटलं.

पहिली चूक माझीच. अर्ज थेट कुलगुरूंच्या नावे धाडला आणि वाट बघत बसले. विद्यापीठात रासेयोचा कक्ष असतो, पण पोरं असतात कॉलेजांकडे, आणि गावाशी बोलणी करतात ते कॉलेजचे कार्यक्रम अधिकारी. म्हणजे कुणी वेगळे साहेब नव्हेत, आपले तास सांभाळून हे करणारे प्राध्यापकच. आमचे सर भूगोलाचे निघाले. "ताई, ओढ्यावरचं काम आहे ना? मग येतो आम्ही," म्हणाले. अर्ध्या तासात सगळं ठरलं.

मग ऑफिस.

"ग्रामपंचायतीचा ठराव लागेल." ठीक. मासिक सभेत ठराव झाला, सूचक मी, अनुमोदक उपसरपंच. भाऊसाहेबांकडे, म्हणजे ग्रामसेवकांकडे, दोन गावांचा कारभार, आमच्याकडे ते मंगळवारीच येतात, म्हणून नक्कल हातात पडायला आठवडा गेला. ती नेऊन दिली तर क्लार्कनी चष्मा कपाळावर सरकवला. "यात शिबिराच्या तारखा कुठायत?"

"तारखा तुम्ही देणार ना?"

"ठराव आल्याशिवाय तारखा निघत नाहीत."

परत गावात. भाऊसाहेब म्हणाले, "कॉलेजनं तारखा दिल्याशिवाय मी ठरावात काय घालू? उद्या ऑडिटला उत्तर कोण देणार?" परत कॉलेजात. क्लार्क जेवायला. परत गावात. एसटीच्या रस्त्यावर ओढ्याची फरशी लागते. पहिल्या खेपेला खालच्या डोहात पोटरीभर पाणी होतं, चौथ्या खेपेला घोट्याच्या जरा वर. मी खिडकीतून बघायची आणि दात-ओठ खायची. दोन्ही माणसं तशी वाईट नव्हती, दोघांनी चहाही पाजला. पण दोघांनाही भीती एकच, सही आपली असेल त्या कागदात खोट निघायला नको.

शेवटी सरांनीच वाक्य लिहून दिलं: "महाविद्यालय कळवील त्या सलग सात दिवसांत." बस, एवढंच. या सहा शब्दांसाठी विशेष सभा लावावी लागली आणि तीन आठवडे गेले. तुम्हाला ठराव करायचा असेल तर हे वाक्य पहिल्याच खेपेला घाला. आणि पत्रावर जावक क्रमांक बघा, नुसता शिक्का चालत नाही. त्यापायी माझी आणखी एक खेप झाली.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पोरं आली, शंभराच्या युनिटातली पन्नास. शाळेच्या खोल्या, पाणी, वीज गावानं द्यायची असते. मुलींच्या खोलीची आतली कडी लागते का, हे मात्र आदल्या दिवशीच बघून ठेवा. आमची लागत नव्हती, रात्री नऊला सुताराला उठवलं. उद्घाटनाला पाहुण्यांनी २४ सप्टेंबर १९६९, गांधी जन्मशताब्दी, ३७ विद्यापीठं असा सगळा इतिहास सांगितला. पोरांचं लक्ष गोण्यांच्या ढिगाकडे.

गोण्या शिबिर ठरायच्या आधीपासूनच जमवायला लागा. ज्यांच्या घराचं बांधकाम चालू आहे त्यांना सिमेंटच्या गोण्या फाडू नका म्हणून सांगून ठेवा. पोरांनी पहिल्या दिवशी उत्साहात गोण्या गच्च भरल्या. त्या दगडासारख्या गोल झाल्या, एकीवर एक बसेचनात. आमच्या नानांनी चार शब्द सुनावले, अर्ध्या रिकाम्या करायला लावल्या, दाभण-सुतळीनं तोंडं शिवून घेतली आणि विटांसारखे सांधे मोडत थर लावले. मधल्या फटींत माती. एक मुलगी, शहरातली, दाभण बोटात घुसलं तरी उठली नाही. पाचव्या दिवशी सकाळी पाणी मागे गुडघ्याला लागलं. नोव्हेंबरात झालं असतं तर कमरेला लागलं असतं, हे मी अजून बोलून दाखवते.

परवा कॉलेजातून फोन आला. तोच आवाज. काम पूर्ण झाल्याचा दाखला पाहिजे, ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर, तारखांसकट.

भाऊसाहेब मंगळवारी येतील.