सोयाबीन पडलं की एमआरआयची रांग आखडते

लातुरात एका स्कॅन सेंटरवर टेक्निशियन म्हणून काम करतो, त्यामुळं आडतीवर काय भाव निघायलाय हे मला पेपर न वाचता कळतं. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ अन् बाजारात ४ हजारच्या आसपास, तेव्हा कंबर, मान, गुडघ्याचे एमआरआय एकदम कमी झाले. लोक काउंटरवर रेट विचारायचे, "बरं, बघतो मग" म्हणायचे की गेले.

सगळंच बंद पडतं असं नाही बरं का. ॲक्सिडेंट, पॅरालिसिस, मुतखडा यांना मंदी-बिंदी कळत नाही, गरोदर बायांची सोनोग्राफी पण होतीच. मार बसतो तो थांबलं तरी चालतंय म्हणणाऱ्या तपासण्यांना, अन् त्यातल्या काही खरंच थांबण्यासारख्या नसतात. डॉक्टरनं चिठ्ठीवर कॉन्ट्रास्टसहित (म्हणजे फोटोत नीट उठून दिसावं म्हणून शिरेतून औषध देऊन) लिहिलेलं असतं पण इंजेक्शनचे पैसे वेगळे, आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, पण करून आणा, मग काका म्हणतात "साधंच करा की साहेब". साध्यात गाठ आहे एवढं दिसलं तरी ती कशाची हे बऱ्याचदा नीट ठरत नाही अन् मग तेच काका परत पूर्ण पैसे भरून येतात, तोवर दोन-तीन महिने गेलेले असतात.

मालकाची पण वेगळीच गंमत आहे. एमआरआयचं मॅग्नेट रात्री बटण दाबून बंद करता येत नाही, आत उणे २६९ डिग्रीचं हेलियम असतं, ते थंड ठेवायला चिलर चोवीस तास चालूच लागतो. म्हणजे दावणीला म्हैस बांधल्यासारखं, दूध देवो न देवो वैरण टाकावीच लागती. पेशंट पाच येवोत नाहीतर पंचवीस, लाईट बिल, मेंटेनन्सचं कॉन्ट्रॅक्ट अन् बँकेचा हप्ता काही कमी होत नाही. मग डिस्काउंटचे बोर्ड लागतात अन् पेशंट पाठवणाऱ्यांचं कट पण वाढतं. हे कुणी उघड बोलत नाही पण शेवटी ते पेशंटच्याच बिलात बसतं.

"कार्ड चालतं का?" हे तर रोजचंच. महात्मा फुले योजनेत ॲडमिट होऊन उपचार घेतले तर तपासण्या पॅकेजमधे येतात, नुसती ओपीडीची चिठ्ठी घेऊन आलात तर नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या सरकारी दवाखान्यांत तपासण्या फुकट झाल्यात हे खरंय, पण आपल्याकडं सरकारी एमआरआय म्हटलं की बहुतेक मेडिकल कॉलेजच गाठावं लागतं अन् ते खातं वेगळं. तिथं फी बाहेरच्यापेक्षा पुष्कळ कमी, फक्त तारीख लांबची मिळती. मी तरी नात्यातल्या लोकांना तिकडंच पाठवतो, मालकाला सांगू नका.