बॉम्ब थांबवा, एवढंच तर मागत होते

सीरियातल्या युद्धात लोकांना वाचवायला धावणारे स्वयंसेवक, म्हणजे व्हाइट हेल्मेट्स, कुणी ट्रेनिंग घेतलेले कमांडो नव्हते हो, बेकरीवाले, शिंपी, सुतार, विद्यार्थी अशी साधी माणसं, त्यांचे तेव्हाचे प्रमुख राएद सालेह तर आधी इलेक्ट्रॉनिक्सचा धंदा करायचे. बॉम्ब पडला की ढिगारा उपसायला हेच धावायचे, आणि लोक जमले की त्याच जागी दुसरा बॉम्ब पडायचा, म्हणजे वाचवायला आलेलाच मरावा म्हणून. याचा मला अजूनही संताप येतो.

बॅरल बॉम्ब तर विचारूच नका, पिंपात स्फोटकं आणि लोखंडाचं भंगार भरून हेलिकॉप्टरमधून खाली टाकायचं, नेमबिम काही नाही, खाली घर आहे की हॉस्पिटल कुणाला पडलीय! फेब्रुवारी 2014 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव 2139 एकमताने पास केला, त्यात बॅरल बॉम्बचं नाव घेऊन हे थांबवा म्हटलं होतं, तरी ते पडतच राहिले. मग 2015 मध्ये सालेह स्वतः परिषदेच्या सदस्यांसमोर गेले. त्यांच्या लोकांची मागणी एकच, बॉम्ब थांबवा, गरज पडली तर नो-फ्लाय झोन करा, म्हणजे तिथे लढाऊ विमानं-हेलिकॉप्टर उडवायलाच बंदी घाला. तो झोन कधी झालाच नाही.

व्हाइट हेल्मेट्समधलेच खालेद ओमर यांनी 2014 मध्ये सीरियातल्या अलेप्पो शहरात कित्येक तास खणून एक तान्हं बाळ जिवंत काढलं, तो व्हिडिओ जगभर फिरला. ऑगस्ट 2016 मध्ये ते हवाई हल्ल्यात गेले. त्याच वर्षी व्हाइट हेल्मेट्सना राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला, चांगलंच झालं, पण त्यांनी पुरस्कार मागितलाच नव्हता.