लाल पाणी आणि लिराकडची ती बैठक

युगांडाच्या उत्तरेला लिरा म्हणून शहर आहे. तिथून मुरमाच्या रस्त्याने आत गेलं की लांगो लोकांची गावं लागतात, शेतात तीळ, बाजरी आणि चक्क तूर, त्यामुळे मराठवाड्यातल्या माणसाला तिथं फार परकं वाटत नाही. अशाच एका गावात आमच्या संस्थेचा पाण्याचा प्रकल्प सुरू होणार होता, त्याची ती पहिली बैठक. त्या दिवसाचा विचार अजून डोक्यातून जात नाहीये.

प्रकल्प सुरू करायचा म्हणजे रिग नेऊन बोअर मारायचा असं बाहेरच्यांना वाटतं. रिग सगळ्यात शेवटी येते. आधी एलसी-वन चेअरमन, म्हणजे गावचा निवडून आलेला प्रमुख, मग सब-काउंटीचं (जिल्ह्याखालच्या विभागाचं) ऑफिस, मग गावची पाणी समिती, तिच्यात निम्म्या तरी बायका पाहिजेत, आणि देखभालीची वर्गणी कोण गोळा करणार ते लेखी. आमच्या कागदावर लिहिलेलं होतं: नवीन बोअर एक. जुन्या बोअरपुढे शेरा, "पाण्यात लोह जास्त, वापर बंद".

बैठक आंब्याखाली. पुरुष पुढे बाकांवर, बायका मागे चटयांवर. नवीन बोअर कुणाच्या बाजूला घ्यायचा यावरच बोलणं चाललेलं, तेवढ्यात बचत गटाच्या खजिनदार बाई उठल्या. तिकडच्या बचत गटाची पेटी तीन कुलपांची असते, किल्ल्या तीन वेगळ्या सभासदांकडे, त्यामुळे सगळे एकत्र बसल्याशिवाय पैशाला हात लागत नाही, आणि असा हिशोब वर्षानुवर्षं सांभाळलेली बाई उगाच बोलायला उठत नाही. म्हणाल्या, "जुन्याला काय झालंय ते कुणी बघितलं का? डिसेंबर ते मार्च झरे आटतात, सगळे इथंच येतात, रात्रीपण रांग असते, तेव्हा हेच पाणी स्वच्छ असतं. पावसाळ्यात कुणी येत नाही तेव्हा लाल होतं."

आमचा दुभाषा हे पटकन उरकून पुढे निघाला होता, त्याला थांबवलं, परत विचारायला लावलं. कारण त्या दोन वाक्यांत सगळं निदान होतं! लोह जर जमिनीतल्या पाण्यातलंच असेल तर कितीही हापसा, ते येतच राहणार. पण पाणी नुसतं उभं राहिल्यावर लाल होत असेल आणि सतत उपसल्यावर निवळत असेल तर गंज पाईपचा आहे, पाण्याचा दोष नाही.

बैठक संपल्या संपल्या सगळे त्या जुन्या बोअरच्या हापशावर गेलो. सकाळपासून कुणी हात लावला नव्हता ते बरंच झालं. पोरं आळीपाळीने हापसत होती, पिवळे वीस लिटरचे कॅन भरत होते आणि दर थोड्या वेळाने मी एक पारदर्शक बाटली भरून ओळीत मांडत होतो. पहिली बाटली कोऱ्या चहासारखी, आणि पुढे पुढे फिकी होत शेवटची एकदम नितळ. पीएच मीटर ६ च्या खाली. ६.५ च्या खालच्या आम्लधर्मी पाण्यात जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाईपवरचा तो जस्ताचा मुलामा टिकत नाही, तो गेला की उघडं लोखंड.

मग सायकलवर पान्यांची पिशवी बांधून तिथला हापसा मेकॅनिक आला. त्याच्याबद्दल एवढंच सांगतो, की असा हात मी भल्या भल्या कंत्राटदारांच्या टीममध्ये पाहिलेला नाही. हापसा इंडिया मार्क टू, तिकडे त्याला यू-टू म्हणतात. त्याचं मूळ आपल्या जालन्यात, साठीच्या दशकाच्या शेवटी तिथल्या मिशनच्या लोकांनी बनवलेल्या पोलादी हापशात, पुढे सोलापूरला सुधारणा झाल्या आणि सत्तरच्या दशकात भारत सरकार आणि युनिसेफच्या कामातून मार्क टू आला. मी जालन्याचा, मला त्याचा अभिमान आहे. पण मार्क टूचा सिलेंडर पाईपपेक्षा रुंद असतो, साधा वायसर बदलायचा तरी तीन-तीन मीटरचे सगळे पाईप वर ओढावे लागतात. क्लॅम्प लावून, जोड धरून, एकेक पाईप त्याने न घाई करता काढला. खालच्या पाईपांच्या आट्या खाल्लेल्या, एकाला तर आरपार भोक.

ज्याने तो शेरा लिहिला त्याने बहुतेक एक बाटली भरली, तीही पहिली, आणि गाडीत बसून गेला. याला मी पाहणी म्हणत नाही. त्या एका ओळीमुळे बायका इतका काळ झऱ्यावर जात होत्या, आणि आम्ही त्याच ओळीच्या भरवशावर शेजारीच, त्याच पाण्यात, नवीन बोअर मारणार होतो. नवीन बोअरला देणगीदाराच्या नावाची पाटी लागते, फोटो निघतो, पाईप बदलण्याला बजेटमध्ये रकानाच नाही. युगांडा सरकारने २०१६ मध्येच हापशांमध्ये जीआय पाईप वापरायला मनाई केली, तरी जुने पाईप ठिकठिकाणी जमिनीत आहेतच.

पाईप गवतावर मांडलेले असताना खजिनदार बाईंनी विचारलं, "मागच्या वर्गणीतून हेच पाईप आणले, परत गंजले, मग लोकांनी पैसे देणं बंद केलं. आता वर्गणी आम्ही द्यायची तर पाईप कुठला घ्यायचा ते आम्ही ठरवायचं का?" चेअरमन माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, ठरवायलाच पाहिजे, आणि स्टेनलेस स्टील आणि पीव्हीसी दोन्हींचा फरक, किमती, दुरुस्तीला काय लागतं, हे तिथंच मातीत आकडे लिहून समजावलं. बायकांनी बराच वेळ प्रश्न विचारले.

त्यांनी स्टेनलेस स्टील निवडलंय. मी नवीन बोअरचा पैसा तिकडे वळवायची परवानगी मागितलीय, उत्तर यायचंय. आणि आमच्या त्याच यादीत बाकी गावांच्या बोअरपुढेही "लोह जास्त, वापर बंद" लिहिलेलं आहे, शब्दन् शब्द तेच. त्या मेकॅनिकला घेऊन मी आता एकेक हापसा उपसून बघायला सुरुवात केलीय, परवानगी येवो न येवो.