समुद्राला निघालो, चांगदेवला पोचलो

लेकाच्या वर्गातली निम्मी पोरं नाताळच्या सुट्टीत कोकणात जाऊन आली, तेव्हापासून घरात एकच धोशा, "बाबा, बीच!" जळगावात बीच कुठून आणू? त्यातल्या त्यात जवळचा समुद्र म्हणजे सुरतेचा, पण गाडीचं रिझर्व्हेशन मिळेना. शेवटी शनिवारी म्युझियम आणि रविवारी "पाणी" यावर तोड निघाली. पाणी कुठलं, ते मी मुद्दामच मोघम ठेवलं.

आपल्याच गावातलं म्युझियम पाहुणे आल्याशिवाय बघायचं नसतं. जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ २०१२ साली सुरू झालं, तेही आम्ही एकदाच, मेव्हण्याच्या निमित्ताने, घाईत उरकलं होतं. या वेळी निवांत फिरलो. कानाला हेडफोन लावल्यावर आपण किती मोठ्याने बोलतोय हे कळत नाही, त्यामुळे "माह्या बोलतच नाही रे!" ही आईची तक्रार सगळ्या दालनाने ऐकली.

चिरंजीव रेंगाळले ते दांडीयात्रेपाशी. गांधीजी १२ मार्च १९३० ला साबरमतीहून निघाले, २४१ मैल चालले, २४ दिवस लागले.

"चोवीस दिवस? चालत? बीचला?"

आम्हाला साधं रिझर्व्हेशन मिळालं नव्हतं, त्यामुळे मी गप्प बसलो.

बाहेर आमराईच्या सावलीत टेकलो तेव्हा आईने फैजपूर काढलं. १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात भरलं, ते आपल्या फैजपूरला. अध्यक्ष पंडित नेहरू. आईचे वडील तेव्हा दहा वर्षांचे होते. बैलगाडीतून गेले, पण नेहरूंपेक्षा त्यांच्या लक्षात राहिली ती गर्दी आणि थंडी. हे आईकडून मी पहिल्यांदाच ऐकलं. म्युझियमला गेलो नसतो तर निघालंही नसतं.

रात्री भरीत. जानेवारीत खानदेशात दुसरा बेत करणं म्हणजे वांग्याचा अपमान. हिरवी, गुबगुबीत भरताची वांगी, खाली कपाशीच्या काड्यांचा जाळ. साल काळी होऊन तडकली की आतून गोडसर वाफ येते. मग हिरवी मिरची आणि लसूण घालून बडजीत ठेचायची. बडजी लाकडाची, नावेच्या आकाराची. लेक म्हणाला, "ही पाण्यात सोडली तर तरंगेल?" आजीने ठेचणं थांबवून त्याच्याकडे फक्त बघितलं.

रविवारी भुसावळ, वरणगाव करत चांगदेवला. देऊळ दगडी, जुनं, पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीतलं. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरा कागद पाठवला, ती गोष्ट मी तिथेच सांगितली. "म्हणजे होमवर्क न करताच दिलं?" हो, आणि उत्तरात पासष्ट ओव्या आल्या.

देवळापुढे तापी-पूर्णेचा संगम. खाली हतनूरचं धरण, त्यामुळे इथे पाणी तुंबून एवढं पसरलंय, की पलीकडचं मेहूण धुक्यात पुसट दिसत होतं. लेकाने दोन मिनिटं निरखून पाहिलं. "लाटा नाहीत." मग गुडघाभर पाण्यात शिरला. बायको ओरडेपर्यंत त्याचा पाय काळ्या गाळात रुतला होता. पाय निघाला, चप्पल आतच. काठीने उकरल्यावर ती वर आली आणि वाऱ्याने हळूहळू आत निघाली. रबरी, निळी, गेल्याच महिन्यात घेतलेली.

"बाबा, ही समुद्रात जाईल?"

तापी समुद्रालाच जाते, सुरतेजवळ. मी वाटेतली धरणं बोटांवर मोजायला लागलो. हतनूर, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा, मग उकाई, काक्रापार...

"मले वाटते, हतनूरलेच अडकीन," आई म्हणाली.

भुसावळच्या बाजारात नवी जोडी घेतली. उरलेली एक चप्पल मात्र त्याने टाकू दिलेली नाही. ती गाडीच्या डिकीत आहे, सुरतेला जाऊ तेव्हा जोडी जुळवायला.