म्होरकी

काकूंचं वजन ४८ किलो, बंड्याचं ३६. मी कुत्र्यांची ट्रेनर, नवीन केस घेतली की मी आधी हे दोन आकडे वहीत एकाखाली एक लिहिते, कारण "फिरायला नेलं की ओढतो" ही तक्रार ऐकायला एकच वाटली तरी ८० किलोच्या माणसाची वेगळी आणि काकूंची वेगळी. काकू ६६ वर्षांच्या, ठाण्यात शिवाईनगरला राहतात. बंड्या हा मुलाने हौसेने आणलेला लॅब्रेडॉर, मुलगा नोकरीसाठी बेंगळुरूला गेला आणि कुत्रा इथेच राहिला. होळीच्या आसपास बंड्याने मांजरीच्या मागे झेप घेतली, काकूंनी लीश मनगटाला गुंडाळून धरली होती, त्यामुळे सोडताही आली नाही, तशाच फरफटत खाली. उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. मला फोन केला तेव्हा म्हणाल्या, "अगं, मला त्याला कुणाला द्यायचं नाहीये, पण मला परत पडायचंही नाहीये."

नऊ वर्षं मी हेच काम करतेय आणि या एका वाक्यासाठी जितकी धावपळ करते तितकी दुसऱ्या कशासाठी करत नाही, कारण कुत्रा घरातून जातो तो बहुतेक वेळा चावला म्हणून नाही तर सांभाळवत नाही म्हणून जातो.

घरात सामान भरपूर होतं. साधा गळपट्टा होता, त्यात बंड्या ओढायला लागला की खरखर आवाज करत खोकायचा. पाठीवर कडी असलेली हार्नेस, म्हणजे छातीभोवती घालायचे पट्टे, होती, ती गळ्याला बरी पण ओढण्याच्या बाबतीत उलट सोयीची, बर्फावर गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना हार्नेसच घालतात ना, छातीचा सगळा जोर वापरता येतो. आणि शेजारच्यांनी प्रेमाने आणून दिलेली चोक चेन, ओढलं की गळा आवळणारी साखळी, होती, ती मी पहिल्याच दिवशी पिशवीत घालून माळ्यावर ठेवायला लावली. त्रास देऊन थांबवलेला कुत्रा समोर दिसेल त्या गोष्टीशी तो त्रास जोडतो, मग मांजर दिसलं की दुखतं, लहान मूल दिसलं की दुखतं, आणि त्यातून भलतंच काहीतरी उभं राहतं.

काकूंच्या हातात अजून जोर नव्हता, पकड कशीबशी. शिकवून ओढणं थांबायला महिने लागणार आणि तोवर फिरायला तर न्यावंच लागणार. म्हणून मी बॅगेतून हेड कॉलर काढली. एक पट्टा कानांच्या मागे मानेच्या अगदी वरच्या भागात, एक फासा नाकावरून, आणि लीश हनुवटीखाली अडकवायची. कुत्रा पुढे झेपावला की सगळा जोर मानेवर न येता तोंड बाजूला वळतं, आणि जिकडे तोंड तिकडे अंग, मग ३६ किलोंना अडवायला दोन बोटं पुरतात. हे मी काकूंना समजावून सांगायला तोंड उघडलं तर काकूंनी ती हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाल्या, "ही तर म्होरकी!"

काकूंचं माहेर जुन्नरकडचं. घरी बैल, दोन म्हशी, वासरं. "वेसण नाकातून, म्होरकी नाकावरून. आणि मुसकं वेगळं, ते मळणीला घालतात, बैलाने धान्यात तोंड घालू नये म्हणून." मग स्वतःहूनच सांगायला लागल्या की वासराला पहिल्यांदा म्होरकी घातली की ते दोन दिवस डोकं झाडतं, भिंतीला घासतं, तेव्हा ओढायचं नाही, दावं हातात धरून नुसतं त्याच्याबरोबर चालायचं, आणि दाव्याला हिसका दिला की आबा हातातून दावंच काढून घ्यायचे. मी ऐकत बसले. ही वस्तू इंग्लंडात रॉजर मगफर्ड यांनी आणि अमेरिकेत मिनेसोटाचे पशुवैद्य रॉबर्ट अँडरसन यांनी ट्रेनर रूथ फॉस्टर यांच्यासोबत आपापल्या परीने बनवली, कल्पना घोड्याच्या म्होरकीचीच, असं मी नेहमी क्लायंटना सांगते. काकूंना सांगायची गरजच पडली नाही.

पहिले चार दिवस घराबाहेर नेलंच नाही. फासा हातात धरायचा, त्याच्या पलीकडे पनीरचा तुकडा (त्या घरात सोमवारी चिकन शिजत नाही आणि बंड्याला पनीर जास्तच आवडतं हे त्या सोमवारी कळलं), बंड्याने आपणहून नाक आत घातलं की तुकडा त्याचा, नाक मागे घेतलं तर घेऊ दे. आपण चढवायची नाही, त्याने घालून घ्यायची. नाकावर काहीतरी बसणं कुत्र्याला नैसर्गिक वाटतच नाही, घाईने चढवून डायरेक्ट रस्त्यावर नेलं की तो पंजाने ओरबाडतो, जमिनीवर लोळतो, आणि मालक म्हणतो आमच्या कुत्र्याला हे चालत नाही. दुसऱ्या दिवशी दहा सेकंद, तिसऱ्या दिवशी जेवणाचा वाडगा संपेपर्यंत, चौथ्या दिवशी घातल्याघातल्या हॉलमध्ये चार फेऱ्या. मग फिटिंग. कानामागचा पट्टा घट्ट, खाली एक बोट जाईल इतकाच. नाकावरचा मात्र सैल, डोळ्यांना लागायला नको, पुढे नाकाच्या मऊ भागापर्यंत सरकायला हवा पण निसटायला नको. आणि हनुवटीच्या कडीपासून गळपट्ट्याला एक छोटी पट्टी, समजा नाकावरून निसटलीच तर कुत्रा मोकळा सुटत नाही. (पग, बुलडॉग, शिह त्झू असल्या चपट्या तोंडाच्यांना मी ही घालत नाही, तिथे फासा बसायला नाकच नसतं.)

बाहेर काढल्यावर कुत्र्यापेक्षा माणसांचाच जास्त त्रास झाला. लिफ्टमध्ये एक बाई लेकराला ओढून मागे सरकल्या, वॉचमनदादांनी विचारलं, "चावायला लागला काय हो हा?", आणि सोसायटीच्या एका काकांनी तर काकूंना गेटवरच ऐकवलं की मुसकं बांधायची वेळ आलेला कुत्रा बिल्डिंगमध्ये नको. काकूंचे डोळे भरून आले. मी बंड्याचा बॉल टाकला, त्याने हेड कॉलर घातलेल्या तोंडाने तो उचलून आणला आणि त्याच काकांच्या पायाशी ठेवला. तोंड पूर्ण उघडतं, खाता येतं, पाणी पिता येतं, धापा टाकता येतात. ठाण्याच्या मे महिन्यात हे शेवटचं फार महत्त्वाचं, कुत्रा स्वतःला थंड करतो तेच मुख्यतः धापा टाकून, म्हणून तोंड आवळून बंद करणारं मुसकं घालून उन्हात फिरवणं मला बघवत नाही. ते काका काही बोलले नाहीत, पण नंतर कधी अडवलंही नाही.

सहाच्या सुमाराला उपवन तलावावर जायचो, रस्ता तापायच्या आधी. पाच फुटी साधी लीश, काकूंच्या डाव्या हातात, मनगटाला वेढा अजिबात नाही. लीश सैल असली की चालायचं, ताठ झाली की थांबायचं, बंड्याने मागे वळून बघितलं की पनीर. येऊरच्या बाजूला अंधारात मी कुणाचाच कुत्रा नेत नाही, तो बिबट्यांचा भाग आहे, त्यामुळे तलावाच्या कडेनेच. दहाव्या दिवशी काकूंनी तलावाची अख्खी बाजू चालून काढली आणि कठड्यावर बसून म्हणाल्या की दोन महिन्यांनी पहिल्यांदा पाय दुखतायत, हात नाही.

आणि मग तो रविवार.

साडेसातला काकूंचा फोन, शब्द नीट फुटत नव्हते. "बंड्याची मान... ये लवकर." मी वर्तकनगरहून रिक्षा केली. मुलगा आदल्या रात्री बेंगळुरूहून आला होता, येताना बंड्यासाठी नवीन लीश घेऊन आला होता, ती बटणावर आत-बाहेर होणारी, पाच मीटरची. सकाळी आई झोपलीय तोवर आपण फिरवून आणू म्हणून त्याने हेड कॉलर घातली, नवीन लीश हनुवटीच्या कडीला लावली आणि खाली उतरला. मांजर दिसलं. बंड्या सुटला, लीश सुटत गेली, पाच मीटर पूर्ण वेगात, आणि टोकाला आल्यावर एका झटक्यात सगळं थांबलं. गळपट्ट्याला असतं तर खोकला असता. इथे तोंडच गर्रकन मागे फिरलं आणि अंग पुढे गेलं.

मी पोचले तेव्हा बंड्या पार्किंगमध्ये उभा होता, मान खाली आणि जरा डावीकडे, शेपटी हलवत होता पण माझ्याकडे मान वर करून बघत नव्हता, नुसते डोळे वर केले. ते डोळे मी अजून विसरलेले नाही. मुलाच्या हातात पाण्याचा ग्लास आणि आयबुप्रोफेनची गोळी. मी लांबूनच ओरडले, देऊ नका. माणसांची आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटात अल्सर करते, किडनी खराब करते, दुखतंय म्हणून घरातली गोळी द्यायचीच नाही, कधीच. हेड कॉलर काढली, मानेला हात न लावता टॉवेलवर झोपवला, टॉवेलची टोकं धरून तिघांनी गाडीत ठेवला. गाडीत मुलगा एकच वाक्य चार वेळा बोलला, "मी तर तुमचंच वापरलं होतं." त्याचं खरंच होतं. त्या घरात तसली लीश नव्हती म्हणून मी तो विषयच काढला नव्हता, हेड कॉलरला लांब लीश किंवा आत-बाहेर होणारी लीश लावायची नाही हे मी काकूंना सांगायला हवं होतं, कागदावर लिहून द्यायला हवं होतं. दवाखान्याच्या बाकावर बसून मी हे त्या दोघांना सांगितलं.

डॉक्टरांनी चारही पायांचे पंजे एकेक करून उलटे टेकवून बघितले, बंड्याने प्रत्येक वेळी लगेच सरळ केले, म्हणजे मज्जारज्जूला धक्का दिसत नव्हता. एक्स-रे साफ. मानेचे स्नायू ताणलेत म्हणाले, कुत्र्यांसाठीचं पेनकिलर, दहा दिवस आराम, वाडगा पाटावर ठेवा म्हणजे मान वाकवायला नको. काकू इतका वेळ गप्प होत्या. बाहेर आल्यावर मुलाच्या पाठीवर हात ठेवून एवढंच म्हणाल्या, "हिसका बसला रे त्याला."

दहा दिवसांनी मान बरी झाली, पण हेड कॉलर दिसली की बंड्या दिवाणाखाली. आधी चार दिवसांत जमलेलं आता परत पहिल्यापासून, तेही उलट्या हिशोबाने. मुलाने वर्क फ्रॉम होम मागून घेतलं आणि मी मुद्दाम त्यालाच करायला लावलं. किचनच्या फरशीवर मांडी घालून बसायचा, फासा हातात नाही तर दोन हात लांब जमिनीवर, आणि पनीर त्याच्या बाजूला. तीन दिवस बंड्या नुसता लांबून मान तिरकी करून बघायचा. मुलाची चुळबुळ सुरू झाली की ओट्यापाशी उभ्या काकू म्हणायच्या, "ओढू नकोस, येईल तो." नाक परत फाशात जायला सतरा दिवस लागले.

आता जुलै संपत आलाय, उपवन काठोकाठ भरलंय. पावसात पट्टा ओला राहिला की नाकाच्या वरच्या बाजूचे केस घासून जातात म्हणून काकू घरी आल्यावर तो पुसून पंख्याखाली वाळत घालतात. दोन टोकांची लीश वापरतोय, एक टोक म्होरकीला, दुसरं छातीवर कडी असलेल्या नवीन हार्नेसला, आणि जोर हळूहळू छातीच्या टोकावर नेतोय म्हणजे नाकावरचं कधीतरी काढता येईल. काल शेवटची दहा मिनिटं लीशच्या म्होरकीकडच्या टोकाला हात लावायची वेळ आली नाही. उद्या मासळीवाल्या मावशींच्या टोपलीसमोरून जायचंय, काकूंनी त्यासाठी पनीर वेगळं काढून ठेवलंय.